न उचललेला भंडारा

मोसमाच्या शेवटच्या सामन्याआधी दगडी वेस तालमीच्या पोरांनी भंडारा उचलायचा, ही रीत कुणी घातली ते आता कुणालाच सांगता येत नाही. पिराजी वस्तादांच्या आठवणीत ती आधीपासूनच होती. पितळी थाळीत बिरदेवाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, काढायचा, तालमीतल्या मारुतीपुढं क्षणभर ठेवायचा, मग थाळी फिरवायची. एकेकानं चिमूट उचलून कपाळाला लावायची आणि म्हणायचं, गल्लीशी बेइमानी करणार नाही. एवढंच. पण एवढ्यावर पोरं दुसऱ्या दिवशी एकमेकांना डोळे झाकून चेंडू द्यायची.

कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा आणि तालमीचा. सकाळी तांबड्या मातीत कुस्ती धरायची आणि संध्याकाळी चेंडूमागं धावायचं, असा दिवस काढलेली माणसं वस्तादांच्या पिढीत शेवटची. वस्ताद स्वतः उद्यमनगरातल्या फौंड्रीत राबले, पण गल्लीत त्यांना फौंड्रीवाला कुणी म्हटलं नाही. तरणे होते तेव्हा ते संघाचे उजवे हाफ होते. गुडघा गेल्यावर ते पोरांना शिकवायला उभे राहिले आणि उभेच राहिले.

शहरातल्या लीगचे तीन गट. अ गटाचा सामना असला की गॅलऱ्या भरतात, दोन्हीकडची निशाणं नाचतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. ब गटाची बातमी दोन ओळींत उरकते. क गटाला ओळसुद्धा नसते. त्यांचे सामने शहराबाहेर मुरमाच्या मैदानावर, भर दुपारी. बघायला कोण, तर खेळणाऱ्यांचे भाऊ आणि चरायला सोडलेल्या म्हशी. दगडी वेस कधी अ गटात गेली नाही. एकदा दारापर्यंत जाऊन परत आली. पण ब गटात तिनं पाय रोवले होते. फक्त एकदा, वस्ताद खेळत असताना, ती क मध्ये घसरली होती, आणि तिथून वर यायला दहा-बारा वर्षं गेली. त्या वर्षांत चांगली पोरं एकेक करून दुसऱ्या तालमींकडं गेली. खणीकाठची तालीम त्यांच्याबरोबरच खाली उतरली होती, ती वर आलीच नाही. आता तिथं फक्त गणपती बसतो, आणि वर्षभर आत मांडववाल्याचे वासे असतात. वस्ताद त्या बाजूनं जाताना मान दुसरीकडं वळवायचे.

यंदा तीच पाळी आली होती. शेवटचा सामना झुंजार चौकाशी. बरोबरी झाली तरी दगडी वेस ब गटात राहणार होती, हरली की खाली. वस्तादांना त्याची फार काळजी नव्हती, कारण गोलात प्रसेनजीत होता.

प्रसेनजीत गल्लीमागच्या वस्तीतला. आई बायडाबाई दवाखान्यात आया होती, बाप लहानपणीच गेलेला. हा राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायचा. सतरा-अठराचा असताना वस्तादांनी त्याला वस्तीच्या कडेच्या खडीवर झेपा घेताना पाहिलं होतं. कोपरं सोलवटलेली, तरी पठ्ठ्या उठून पुन्हा झेप घेत होता. वस्ताद त्याला हाताला धरून तालमीत घेऊन आले. सुरुवातीला थोडी कुजबुज झाली. मग त्यानं पहिल्याच मोसमात दोन पेनल्टी अडवल्या, आणि कुजबुज करणारेच त्याला खांद्यावर घेऊन नाचले. तेव्हापासून तो सगळ्यांचा जित्या झाला.

त्याच पहिल्या मोसमात भंडाऱ्याची वेळ आली, तेव्हा आदल्या दिवशी पोरगं एकटंच वस्तादांच्या घरी आलं होतं. दारातच उभं राहून म्हणालं, "वस्ताद, मला भंडारा उचलता यायचा न्हाय. आमच्या आज्यानं छप्पन साली धम्माची प्रतिज्ञा घेतलीया, घरातलं देव पंचगंगेत सोडलं. आमी शपथ एकदाच घेतलीया. दुसरी घ्यायची तर पयली मोडाय लागतीया."

वस्तादांना ते पटलं. शब्द असा असावा, असंच त्यांना वाटलं. पण ते तालमीत उभं राहून सांगायचं म्हणजे वीस तोंडांना तोंड द्यायचं. वस्तादांनी सोपी वाट काढली. थाळी निघायच्या आधी ते हाक मारायचे, जित्या, बर्फ घेऊन ये जा. तो सायकल काढून जायचा, परत यायचा तोवर कपाळं पिवळी झालेली असायची. सहा मोसम असेच गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही. वस्तादांना वाटायचं, आपण पोराची लाज राखली आणि रीतीचीही राखली. साप मेला आणि काठीही शाबूत राहिली.

सामन्याआधी दोन दिवस बाळासो तालमीत आले. बाळासो मंडळाचे अध्यक्ष. बांधकामाचा धंदा, अंगावर पांढरे कपडे, आणि येत्या महापालिकेला उभं राहायचा विचार. जर्सी त्यांच्या खर्चानं यायच्या, चहापाणीही त्यांचंच. माणूस वाईट नव्हता, पण कानाचा हलका. त्यांनी वस्तादांना बाजूला घेतलं. आपल्या गोलकीपरला झुंजारच्या मॅनेजरबरोबर राजारामपुरीत चहा पिताना दोघातिघांनी पाहिलंय, असं त्यांचं म्हणणं. वस्ताद म्हणाले, चहा पितंय म्हणजे काय गुन्हा केला काय? बाळासोंनी विचारलं, मग शेवटच्या सामन्याच्या तोंडावरच तहान कशी लागली?

वस्तादांनी संध्याकाळी प्रसेनजीतला सरळ विचारलं. तो हसला. त्या मॅनेजरची आई पाय घसरून पडली होती, तिचा हात मोडला होता, एक्स-रेला आणली होती. म्हातारीला उचलून टेबलावर घेताना ह्यानं हात लावला, म्हणून त्यानं चहा पाजला. वस्तादांचं समाधान झालं. त्यांनी ते बाळासोंना सांगितलंही. पण संशयाचं कसं आहे, दुधात मिठाचा खडा पडला की खडा काढून दूध सुधारत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पानपट्टीवर तीच चर्चा सुरू झाली.

त्या संध्याकाळी भंडारा होता. पोरं कुस्तीच्या हौद्याच्या कडेनं उभी राहिली. राजवीरनं कोनाड्यातला भंडाऱ्याचा डबा काढला. राजवीर बाळासोंचा पुतण्या, संघाचा दुसरा गोलकीपर, सहा वर्षं बाकावर बसून म्हातारा व्हायला लागलेला. वस्तादांनी सवयीनं हाक मारली, "जित्या, बर्फ घेऊन ये जा."

प्रसेनजीत वळला तेवढ्यात बाळासो दारात आडवे आले. "बर्फ उद्या लागतोय की वस्ताद. आज कशाला? का तालमीत कुल्फी लावायचा इचार हाय?"

पोरं हसली. वस्तादही हसले, कारण काय करावं ते त्यांना सुचलं नाही. बाळासो म्हणाले की आज कुणीही बाहेर जायचं नाही, सगळ्यांनी सगळ्यांच्या समोर उचलायचा, म्हणजे गल्लीच्या तोंडाला कुलूप बसेल. खरं तर त्यांनी ते प्रसेनजीतच्या भल्यासाठीच केलं असावं. त्यानं चिमूटभर भंडारा कपाळाला लावला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं.

थाळी फिरत आली. प्रत्येकाचं कपाळ पिवळं होत होतं. थाळी प्रसेनजीतपुढं थांबली. त्यानं हात मागं घेतले आणि वस्तादांकडं पाहिलं.

ते पाहणं अगदी साधं होतं. तुम्हाला माहीत आहे, तुम्ही सांगा, एवढंच त्यात होतं. आणि वस्तादांना सांगायला फक्त तोंड उघडायचं होतं. पण त्यांच्या मनात एकदम सगळं दाटून आलं. सहा वर्षं हा बाहेर होता, हे कळल्यावर पोरं काय म्हणतील? सहा वर्षं मारुतीपुढं अर्धीच शपथ झाली, आणि ती अर्धी वस्तादांनीच ठेवली? उद्या सामना, आज हा घोळ? ते खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी बांधलेलीच होती.

"उचल की भावा," राजवीर हळूच म्हणाला.

"मी उचलत न्हाय," प्रसेनजीत म्हणाला. "खेळतो मी इमानानं. पर हे उचलत न्हाय."

थाळी पुढं गेली. शेवटच्या कपाळापर्यंत गेली, पण आता शब्द कुणाच्या तोंडून नीट फुटत नव्हते.

पोरं गेल्यावर बाळासो वस्तादांना म्हणाले की आता डोळ्यांनी पाहिलंत, आता गोलात कोण ते तुम्हीच ठरवा. मी सांगणार नाही. पण गल्ली मला विचारेल, आणि मी तुमचं नाव सांगेन. वस्ताद घरी गेले. मनाला समजावू लागले की राजवीरही काही वाईट नाही, उंची आहे, नुसती बरोबरीच तर हवी आहे. संघ एकदिलानं उतरला पाहिजे. अशी एकावर एक कारणं त्यांनी रचली, जशी फौंड्रीत साच्यावर वाळू ठोकतात, आतलं काही दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सामन्याआधी त्यांनी अकरा नावं घेतली. त्यात प्रसेनजीत नव्हता. त्यानं बाकावर बसून हातमोजे काढले आणि मांडीवर ठेवले.

ब गटाच्या मानानं गर्दी बरी होती. झुंजारवाल्यांनी हलगी आणली होती. अर्धा वेळ झाला तेव्हा गोल शून्य-शून्य होता. राजवीरनं एक चांगला चेंडू अडवला होता, गल्लीनं त्याच्या नावाचा ओरडा केला होता. मध्यंतरात वस्ताद बाकाजवळ आले. प्रसेनजीत त्यांच्याकडं न बघता म्हणाला, "वस्ताद, मला गोलात घालायला सांगत न्हाय मी. नुसतं त्येंस्नी सांगा."

वस्ताद म्हणाले, "झाल्यावर सांगतो. आता चाललंय ते बरं चाललंय."

तो हसला. ते हसू वस्तादांना पुढं कितीतरी दिवस झोपू देणार नव्हतं.

सामना संपायला थोडाच वेळ राहिला असताना झुंजारला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला. राजवीर पुढं निघाला, मध्येच त्याला वाटलं पोचणार नाही, म्हणून मागं वळला. ना पुढचा ना मागचा, असा तो मध्येच राहिला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून कुणाच्या तरी कपाळाला लागून जाळ्यात गेला. त्यात बेइमानी काही नव्हती. सहा वर्षं बाकावर बसलेल्या माणसाचा पाय असाच अडखळतो. शिट्टी झाली तेव्हा राजवीर गोलाच्या खांबाला धरून बसला होता, आणि कपाळावरचा भंडारा घामानं गालावर उतरला होता.

दगडी वेस क गटात गेली.

गल्लीला राग काढायला माणूस हवा होता. राजवीरवर काढता येईना, तो बाळासोंचा पुतण्या आणि भंडारा उचललेला. मग बोलणं सुरू झालं की ज्यानं उचलला नाही त्याच्या पायगुणानं संघ बुडाला. कुणी म्हणालं, बाकावर बसून झुंजारवाल्यांना खुणा करत होता. संध्याकाळी वस्तीच्या तोंडाशी लावलेली त्याची मोटारसायकल कुणीतरी ढकलून दिली आणि टाकीवर दगड घातला. कोण ते कळलं नाही, किंवा कळलं आणि कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलीचं ऐकल्यावर वस्ताद उठले. तालमीत बैठक चालू होती. सगळी पोरं, म्हातारेकोतारे, बाळासो. वस्ताद हौद्याच्या कडेला उभे राहिले.

"सहा वर्सं ह्या पोरानं भंडारा उचलला न्हाय," ते म्हणाले. "कंदीच न्हाय. त्येच्या घरची रीत हाय, त्यानं मला पयल्या वर्सीच सांगितलंतं. थाळी निघायच्या वक्ताला म्या त्याला बर्फाला धाडत हुतो. तुमास्नी ठावं न्हवतं. मला ठावं हुतं."

बाळासो म्हणाले, "आनि परवा? तवा तोंडात गूळ धरलातासा व्हय?"

एक म्हातारा म्हणाला, म्हणजे सहा वर्षं देवालाच फसवलं म्हणायचं, मग संघ बुडेल नाही तर काय होईल. मागून कुणीतरी विचारलं, मग ह्या सहा वर्षांत तो पेनल्ट्या कुणाच्या आशीर्वादानं अडवत होता? दोघं-तिघं हसले. पण बाकीचे हसले नाहीत. बाळासो उठले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी जर्सीचं कुणीतरी दुसरं बघा. त्यांच्यामागं निम्मी तालीम उठून गेली. वस्तादांना वाटलं होतं, बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. उशिरा दिलेला चेंडू असाच असतो. देणारा म्हणतो मी दिला, पण घेणारा केव्हाच पुढं निघून गेलेला असतो.

चार दिवसांनी ते वस्तीत गेले. बायडाबाईंनी दारात खुर्ची टाकली, आतून चहा आणला. त्या वस्तादांना गेली कितीतरी वर्षं ओळखत होत्या, पोराच्या जेवणाचा डबा घेऊन मैदानावर यायच्या. त्यांनी भांडण केलं नाही. नुसतं म्हणाल्या, "वस्ताद, तुमी त्याला भाईर धाडत हुतासा, ते मला ठावं हुतं. मी म्हनायची, मानूस चांगला हाय, पोराला सांभाळून घेतोय. आता वाटतंय, आमास्नी आजपातूर सगळ्यांनी असंच सांभाळलं. भाईर धाडून."

वस्तादांनी कपबशी खुर्चीखाली ठेवली.

प्रसेनजीत आतून आला. त्याला अ गटातल्या एका तालमीचं बोलावणं होतं, हे वस्तादांच्या कानावर आलं होतं. मोसमाआधी नोंदणीचे दिवस येतात, तेव्हा चांगल्या गोलकीपरला असं बोलावणं येतंच. वस्ताद म्हणाले, "जित्या, जायाचं तर जा. चांगल्या संघात जातोयस. मी आडवा येत न्हाय. मी खाली मान घालून आलोय, एवढंच."

तो खांबाला टेकून उभा होता. "समजा आलो," तो म्हणाला. "तर थाळी निघंल तवा मला कुठं धाडणार?"

"कुठंच न्हाय. आत हुबा ऱ्हाशील."

"आनि कुनी इचारलं तर?"

"इचारणारा मला इचारंल."

तो आत गेला आणि नळावर हात धुवायला लागला. वस्ताद उठले.

पावसाळा सरला आणि नोंदणीचे दिवस आले. दगडी वेसमधून निम्मी पोरं दुसऱ्या तालमींकडं गेली. सगळ्यांनी मारुतीपुढं चिमूट उचललेली होती, कपाळाला लावलेली होती. गल्लीशी बेइमानी करणार नाही असं म्हणून झालेलं होतं. त्यांना कुणी काही बोललं नाही. क गटात कोण खेळणार, पोरांचंही भवितव्य आहे, असंच सगळे म्हणाले. वस्तादही तेच म्हणाले, आणि ते खरंही होतं. फक्त मध्येच ते बोलायचं थांबले आणि कोनाड्याकडं बघत राहिले.

यंदा पोरांनी ठरवलं की भंडारा मोसमाच्या सुरुवातीलाच उचलायचा, म्हणजे उरलेले तरी राहतील. संध्याकाळी तालमीत दहा-बारा जण जमले. जर्सी मागच्या वर्षीच्याच होत्या, धुऊन विटलेल्या. राजवीर होता. चुलता सोडून गेला, तरी हा आला होता. डबा त्यानंच काढला.

पोरं उभी राहत होती तेव्हा दारात प्रसेनजीत आला. कुणाला काही न विचारता त्यानं चपला काढल्या आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. नोंदणीच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यानं दुसरीकडं कुठंच सही केली नव्हती आणि त्याचं नाव दगडी वेसकडंच राहिलं होतं, एवढंच वस्तादांना ठाऊक होतं. का आला ते त्यांनी विचारलं नाही. विचारायचा आपला हक्क गेला, असं त्यांना वाटत होतं.

थाळी निघाली. आणि वस्तादांच्या तोंडाशी ते शब्द आपसूक आले. जित्या, बर्फ घेऊन ये जा. इतक्या वर्षांची सवय, जीभ उचललीही होती. त्यांनी दात आवळले आणि ते शब्द गिळले.

राजवीर थाळी घेऊन प्रसेनजीतपुढं येऊन थांबला. प्रसेनजीतनं हात बाजूला सोडले होते. मागं घेतलेले नव्हते. राजवीरनं वस्तादांकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"त्यो उचलत न्हाय," वस्ताद म्हणाले. "त्येचा शबूद आदीच दिल्याला हाय. फुडं चल."

रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांनी अजून चिमूट उचलली नव्हती. ते तसेच वळले, चपला घातल्या आणि दारातून निघून गेले. त्यांना कुणी हाक मारली नाही. राजवीर थाळी घेऊन पुढं सरकला.

थाळी परत मारुतीपुढं आली तेव्हा तिच्यात भंडारा बराच उरला होता. वस्तादांनी तो हातानं गोळा करून डब्यात भरला. त्यांची बोटं पिवळी झाली. मागं पोरं गोलकीपरचे हातमोजे शोधत होती, उद्या मुरमाच्या मैदानावर जायला कुणाकुणाची गाडी आहे ते विचारत होती. प्रसेनजीत म्हणाला, त्याची गाडी आहे, टाकीला पोचा आहे, पण चालते.